फायटर माशासोबत कोणते मासे ठेवावेत: सोबती निवडण्याची पद्धत

बेट्टा, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला फायटर म्हणतात तो मासा, घरी आणून चार दिवस झाले की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो: हा एवढ्या टाकीत एकटा कंटाळत असेल, त्याला कुणी तरी सोबत आणावी. या विचाराला उत्तर देतानाच सुरुवात करणे बरे. नर बेट्टाला सोबतीची गरज नसते. तो थव्याने राहणारा मासा नाही आणि एकटा ठेवल्याने तो खंगत नाही. स्वच्छ, कोमट पाणी, लपायला झाडी आणि वेळेवर खाणे मिळाले तर तो एकट्यानेच दोन ते चार वर्षे उत्तम जगतो. सोबती आणायचे ते आपल्याला भरलेली, हालती टाकी पाहायची असते म्हणून. ही हौस रास्त आहे, पण ती आपली आहे हे एकदा मान्य केले की तिची झळ ना बेट्टाला लागावी, ना त्याच्या सोबत्यांना, ही जबाबदारीही आपलीच ठरते. पुढची सगळी निवड याच कसोटीवर करायची आहे.

आधी त्याचा स्वभाव

बेट्टा स्प्लेंडन्स हा मूळचा थायलंडचा, तिथल्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत, दलदलीत आणि संथ ओढ्यांत वाढणारा मासा. थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. झाडीने भरलेल्या उथळ पाण्यात नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्याच्या आसपासचा टापू राखतो. त्या टापूत दुसरा नर शिरला की झटापट होते, पण निसर्गात हरणाऱ्याला पळून जायला वाट असते, त्यामुळे प्रकरण बहुधा लवकर मिटते. टाकीत चारही बाजूंना काच असते आणि हरलेला मासा पुन्हा पुन्हा त्याच नराच्या नजरेस पडत राहतो. त्यातच थायलंडमध्ये हे मासे पिढ्यान्पिढ्या झुंजीसाठी निवडून वाढवले गेले, त्यामुळे आज दुकानात मिळणारा बेट्टा हा रानटी बेट्टापेक्षा अधिक तापट असतो.

त्याचा राग कशाने जागा होतो हे नीट पाहिले तर निवड सोपी होते. टाकीच्या काचेला छोटा आरसा लावून पाहा. बेट्टा क्षणभर थबकतो, मग कल्ल्यांची झाकणे उघडून पुढे ताणतो, त्यांच्या आतला गडद पडदा हनुवटीखाली दाढीसारखा पसरतो, अंगाचा रंग गडद होतो, आणि तो समोरच्याला आपली पूर्ण कूस दाखवत आडवा उभा राहून शेपटी थरथरवतो. लांब झुळझुळीत पर, भडक रंग आणि त्याच्यासारखीच अंगकाठी असलेला कोणताही मासा त्याच्या दृष्टीने या आरशातला नरच असतो. (आरसा मिनिटभरात काढून घ्यावा, तो ठेवून दिल्यास मासा थकून जातो.) दुसरी गोष्ट पाण्याच्या थराची. बेट्टाच्या डोक्यात हवेतला प्राणवायू घेणारे एक खास इंद्रिय असते, त्यामुळे तो सतत वर येऊन हवा घेतो आणि त्याचा बहुतेक वेळ वरच्या थरात जातो. त्याच थरात वावरणारा मासा त्याला खुपतो, तळाशी राहणारा फारसा खुपत नाही.

या स्वभावाची दुसरी बाजू मात्र अनेकदा विसरली जाते. हाफमून, क्राउनटेल किंवा व्हेलटेल जातीचा बेट्टा स्वतःच त्या जड, लांब परांमुळे फार हळू पोहतो. पर कुरतडण्याची सवय असलेले चपळ मासे त्याच्यासोबत सोडले तर बळी जातो तो बेट्टाच. आखूड परांचा प्लाकाट चपळ असतो, सहसा अधिक आक्रमकही असतो आणि पाठलाग करून इजा पोहोचवू शकतो. म्हणून सोबती निवडताना आपल्याकडे कोणत्या शेपटीचा बेट्टा आहे हे आधी पाहावे. लांब परांच्या माशासाठी कुरतडणारे टाळणे सर्वांत महत्त्वाचे, तर प्लाकाटसाठी जागा आणि आडोसा अधिक महत्त्वाचा.

शेवटी प्रत्येक बेट्टा वेगळा असतो. एखादा कोळंबीलाही सहन करत नाही, तर एखाद्याला रासबोरा या छोट्या माशांचा आख्खा थवा अंगावरून गेला तरी फिकीर नसते. आधी आपल्या बेट्टाला महिनाभर एकटा ठेवून पाहावे. काचेबाहेर हललेल्या प्रत्येक वस्तूवर जो धावून येतो, स्वतःच्या प्रतिबिंबावर दिवसभर फुगत राहतो, त्याच्यासाठी मासे आणूच नयेत. फार तर एखादी गोगलगाय.

टाकी लहान असेल तर विषय इथेच संपतो

चार-पाच लिटरच्या काचेच्या वाडग्यात बेट्टालाच ठेवू नये, तर सोबतीचा प्रश्न दूरच. एकट्या बेट्टासाठी वीस लिटर पाणी हे किमान मानावे. सोबत्यांसह ठेवायचे असेल तर आपल्या दुकानांत जिला दोन फुटी टाकी म्हणतात ती, म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच, ही सुरुवात समजावी. मापाने तिच्यात सुमारे 56 लिटर पाणी मावते, पण तळाची वाळू आणि वर मोकळी सोडायची जागा वजा केली की प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या आसपास उरते. उंच टाकीपेक्षा लांब टाकी चांगली, कारण माशांना एकमेकांपासून दूर जायचे ते आडवे जायचे असते.

टाकीत नजर अडेल अशी रचना करावी. काचेच्या एका टोकाहून दुसरे टोक सरळ दिसत असेल तर बेट्टा संपूर्ण टाकी आपलीच हद्द समजतो. मधोमध लाकडाचा ओंडका, त्यावर बांधलेल्या अनुबियास किंवा जावा फर्न या पाणवनस्पती, मागे उंच वाढणारी व्हॅलिसनेरिया आणि पृष्ठभागाच्या काही भागावर तरंगती वनस्पती असली की टाकीचे आपोआप तीन-चार दालनांत विभाजन होते. टोकदार प्लास्टिकची झाडे टाळावीत, कारण त्यांत लांब पर अडकून फाटतात. आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर आणि कोकणात सर्रास दिसणाऱ्या देशी बदामाची वाळून गळलेली पाने धुऊन टाकीत ठेवली तर पाण्याला चहासारखा फिकट रंग येतो, प्रकाश मंदावतो आणि मासे शांत राहतात. पाने रहदारीच्या किंवा कीटकनाशकांची फवारणी होणाऱ्या जागेवरून मात्र घेऊ नयेत.

पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश सेल्सियस आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) साधारण 6.5 ते 7.5 असावा. नाशिक-पुण्याकडे थंडीच्या रात्री उघड्या टाकीतले पाणी सहज वीस अंशांच्या खाली जाते, तेव्हा 50 लिटरला 50 वॅटचा हीटर लागतोच. गाळणीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वोत्तम, कारण त्याचा प्रवाह मंद असतो आणि त्यात ना बेट्टाचे पर ओढले जातात, ना कोळंबीची पिल्ले. टाकीवर झाकण हवे, कारण बेट्टा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यात दोन-तीन इंच हवा मात्र राहू द्यावी.

सोबती आणण्यापूर्वी टाकी पिकलेली असली पाहिजे. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपासणी संचाने पाणी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. एकाच दिवशी टाकी, बेट्टा आणि आठ-दहा मासे घरी आणले की पंधरवड्यात एकामागून एक मासे मरू लागतात आणि दोष बेट्टाच्या स्वभावावर येतो, प्रत्यक्षात ती अमोनियाची विषबाधा असते.

कोण चालतात

पहिली पसंती माझ्या मते कोरीडोरास या छोट्या, मिशीवाल्या तळमाशांना द्यावी. कोरी दिवसभर वाळू चाळत फिरतात, त्यांचे रंग सौम्य असतात, पर आखूड असतात आणि त्यांना कुणाशी भांडायचे नसते. तेही मधूनच बाणासारखे वर जाऊन हवेचा घोट घेऊन परत येतात; अशा वेळी बेट्टा दचकून फुगतो, पण तेवढ्यात कोरी तळाला पोहोचलेला असतो. निवड करताना तापमान पाहावे. दुकानात स्वस्तात मिळणारा पेपर्ड कोरी थंड पाण्यातला आहे, बेट्टाच्या 27 अंशांत तो कुचंबतो. ब्राँझ कोरी चालतो, आणि स्टेर्बाय कोरी तर उबदार पाण्यातच खुलतो, पण हे दोन्ही सहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, त्यामुळे सहांच्या थव्याला दोन फुटीपेक्षा मोठी टाकी द्यावी. दोन फुटी टाकीत जेमतेम अडीच सेंटिमीटरचा पिग्मी कोरी शोभतो. कोरी कोणताही असो, सहापेक्षा कमी घेऊ नयेत आणि तळाला धारदार खडीऐवजी बारीक वाळू घालावी, नाही तर त्यांच्या मिशा झिजतात. एक किंवा दोन कोरी आणून त्यांना कोपऱ्यात दबून बसलेले पाहण्यात काही अर्थ नाही. बेट्टाला एकटेपणा मानवतो, कोरीला नाही.

मधल्या थरासाठी हार्लेक्विन रासबोरा हा जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राकडचा हा मासा मऊ, किंचित आम्लधर्मी, उबदार पाण्याचा, म्हणजे बेट्टाच्याच पसंतीच्या पाण्याचा. तांबूस अंगावर काळा त्रिकोण असा त्याचा रंग देखणा असला तरी भडक नाही, शेपटी आखूड आहे आणि थवा एकमेकांतच रमलेला असतो. आठ-दहांचा थवा ठेवावा. याच हेतूने एम्बर टेट्रा हा जेमतेम दोन सेंटिमीटरचा केशरी मासा घेता येतो; मूळ ब्राझीलचा असला तरी त्याला हेच तापमान मानवते. निऑन टेट्राबद्दल मी थोडा सावध आहे. तो थोडे थंड पाणी पसंत करतो आणि लहान थव्यात ठेवल्यास कधी कधी पर कुरतडतो. लाल-निळा रंग हवाच असेल तर कार्डिनल टेट्रा घ्यावा, त्याला उबदार पाणी अधिक मानवते.

कुली लोच हे सापासारखे दिसणारे, दिवसा ओंडक्याखाली दडून रात्री बाहेर पडणारे मासे बेट्टाच्या नजरेसच फारसे पडत नाहीत. पण ते दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि त्यांनाही थवा लागतो, त्यामुळे 75 लिटरच्या आत त्यांचा विचार करू नये. ओटोसिंक्लस हा चिमुकला शेवाळखाऊ मासा स्वभावाने गरीब, पण सहा महिने जुन्या, शेवाळ धरलेल्या टाकीतच तो तग धरतो.

मासे नकोच असतील, किंवा टाकी वीस-पंचवीस लिटरचीच असेल, तर गोगलगाय. नेराइट गोगलगाय काचेवरचे शेवाळ उत्तम साफ करते आणि गोड्या पाण्यात तिची अंडी उबत नसल्याने पिल्लांचा सुळसुळाट होत नाही. काचेवर आणि लाकडावर त्या अंड्यांचे पांढरे ठिपके मात्र दिसत राहतात. मिस्टरी गोगलगाय मोठी आणि आकर्षक असते, पण तिच्या लांब वळवळत्या मिशा काही बेट्टांना किडा वाटतात. गोगलगाय मिशा आखडून कवचात बसू लागली, किंवा एका मिशीचे टोक तुटलेले दिसले, तर तिला वेगळे करावे. मुंबईसारख्या शहरात तलावांतून येणारे नळाचे पाणी बरेच मऊ असते, त्यात कवचे झिजतात; अशा ठिकाणी शिंपल्यांचा एखादा तुकडा टाकीत ठेवला तर कवचाला लागणारे कॅल्शियम मिळते. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही. उलट त्यांनी मऊ पाण्यातले रासबोरा किंवा टेट्रा आणण्यापूर्वी पाण्याचा कठीणपणा तपासून घ्यावा.

कोळंबीत अमानो श्रिंप सर्वांत सुरक्षित, कारण ती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि बेट्टाच्या तोंडात मावत नाही. लाल चेरी श्रिंप लहान असते. तिची पिल्ले बेट्टा खाणार हे धरूनच चालावे आणि जावा मॉसची दाट गादी करून द्यावी, म्हणजे काही तरी वाचतील. कोळंबी बेट्टाच्या आधी दोन-तीन आठवडे टाकीत रुळलेली असली तर तिचा निभाव अधिक लागतो.

कोण टाळावेत

दोन नर बेट्टा एका टाकीत कधीही नकोत. नर आणि मादीची जोडीही कायमची ठेवू नये. प्रजननापुरते, देखरेखीखाली एकत्र आणून लगेच वेगळे करावे लागते. अनेक माद्या एकत्र ठेवण्याचा प्रकार लोकप्रिय असला तरी त्यासाठी मोठी, दाट झाडीची टाकी आणि रोजचे लक्ष लागते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुकानात सर्वांत जास्त आग्रह होतो तो गप्पीचा, कारण ती स्वस्त आणि रंगीत असते. तोच तिचा दोष आहे: नर गप्पीची पंख्यासारखी भडक शेपटी बेट्टाला दुसऱ्या नरासारखी दिसते, आणि गप्पीही संधी मिळाल्यास बेट्टाचे पर टोचते. गुरामी तर बेट्टाच्याच कुळातले. तेही हवा घ्यायला वर येतात, तेही हद्द राखतात. त्यामुळे त्यांची गाठ रोज पडते. एंजल आणि त्याच्या कुळातले इतर सिक्लिड मासेही हद्द राखणारे असल्याने वगळावेत.

टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि विडो टेट्रा हे पर कुरतडण्यात कुख्यात आहेत. विशेषतः टायगर बार्बच्या थव्यात लांब शेपटीचा बेट्टा सोडला तर एका रात्रीत शेपटीच्या चिंध्या होतात. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटात सापडणारा चिमुकला पी पफर दिसायला इतका गोंडस असतो की लोक तो हमखास उचलतात. त्याचे दात हेच त्याचे हत्यार आहे, त्याला बेट्टासोबत कधीही ठेवू नये. पश्चिम घाटाचाच मिस केरळ या नावाने विकला जाणारा मासा भांडखोर नाही, पण तो वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांत थव्याने धावणारा, दहा सेंटिमीटरच्या वर वाढणारा मासा आहे. त्याच्या वंशाला शास्त्रज्ञांनी सह्याद्रिया असे नाव दिले आहे, आणि निसर्गात तो धोक्यात आलेला आहे. बेट्टाच्या संथ, छोट्या टाकीत तो आणू नये.

गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि त्याची घाण फार, म्हणून तो बाद. टाकी साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा फूटभर वाढतो, घाण साफ करण्यापेक्षा करतो अधिक, आणि भूक लागली की सावकाश पोहणाऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थरही चोखतो. दुकानदाराने कितीही छातीठोकपणे सांगितले तरी तो घेऊ नये.

सोडण्याची पद्धत

नवे मासे थेट मुख्य टाकीत सोडू नयेत. किमान दोन आठवडे, शक्य असल्यास चार, त्यांना वेगळ्या टाकीत ठेवून पांढरे ठिपके, चिकटलेले पर किंवा न खाणे अशी लक्षणे दिसतात का ते पाहावे. इथे एक सूचना: तांबेयुक्त औषधे कोळंबी आणि गोगलगायींना मारतात, त्यामुळे उपचार नेहमी वेगळ्या टाकीतच करावेत.

सोबती आधी आणि बेट्टा शेवटी, हा क्रम आदर्श. बेट्टा आधीपासून टाकीत असेल तर त्याला दोन-तीन दिवस दुसरीकडे हलवून टाकीतली झाडे आणि ओंडके यांच्या जागा बदलाव्यात, सोबती सोडावेत आणि मग त्याला परत आणावे. बदललेल्या टाकीत त्याची जुनी हद्द मोडलेली असते आणि त्याला नव्याने सुरुवात करावी लागते. पिशवी टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवून, तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळत अर्ध्या तासाने जाळीने मासे सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. दिवे बंद ठेवावेत आणि बेट्टाला त्याआधी पोटभर खाऊ घालावे. दिवस असा निवडावा की पुढचे काही तास आपण घरी असू.

पहिल्या तासात बेट्टा फुगणार, दोन-चार धावा घेणार. ते चालते. तो फुगून पुन्हा आपल्या वाटेने गेला तर काळजी नको. एकाच माशाच्या मागे तो सलग लागला असेल, त्याला कोपऱ्यात दाबून धरत असेल आणि चावे घेत असेल तर वाट पाहू नये, बेट्टाला त्याच क्षणी बाहेर काढावे.

खाण्याच्या वेळी वेगळी दक्षता घ्यावी. बेट्टा अधाशी असतो. कोरीसाठी टाकलेली बुडणारी गोळीही तो तळाशी जाऊन खातो आणि पोट फुगून आजारी पडतो. म्हणून आधी टाकीच्या एका टोकाला बेट्टाला तीन-चार तरंगते दाणे द्यावेत, तो त्यात गुंतला की दुसऱ्या टोकाला रासबोरांना बारीक खाद्य टाकावे, आणि कोरींच्या गोळ्या दिवे मालवल्यानंतर सोडाव्यात.

पुढचे काही आठवडे रोज बेट्टाची शेपटी पाहावी. कडेला नीट अर्धगोल तुकडा गेलेला असेल तर कुणी तरी चावले आहे, किंवा त्याने स्वतःच ताणाने शेपटी चावली आहे. कड काळपट किंवा लालसर होऊन हळूहळू झिजत असेल तर तो पर सडण्याचा रोग आहे आणि मूळ बहुधा खराब पाण्यात आहे. रंग फिका पडणे, पर मिटून तळाशी पडून राहणे, खाणे सोडणे ही बेट्टाच्या ताणाची खूण. सोबत्यांनी दिवसभर लपून राहणे ही त्यांच्या ताणाची.

या सगळ्यासाठी सोबती आणण्याआधीच एक वीस लिटरची जादा टाकी, तिला पुरेल असा छोटा हीटर आणि एक जादा स्पंज तयार ठेवावा. तो स्पंज कायम मोठ्या टाकीतच भिजत ठेवला की त्यात जिवाणू रुजलेले राहतात आणि गरज पडेल त्या दिवशी लहान टाकी लगेच चालू करता येते. जमले नाही तर बेट्टा तिकडे एकटा राहील आणि सोबती मोठ्या टाकीत. सोबतीच नको झाले तर ते दुकानात परत द्यावेत किंवा मासे पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाला द्यावेत. नदीत, तलावात किंवा विहिरीत मात्र कोणताही मासा किंवा गोगलगाय सोडू नये. टाकीतून बाहेर पडलेला सकर आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत ठाण मांडून बसला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.